ओझें कोणाच्या खांद्यावर?

सुटीच्या दिवशीं सकाळीं बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेकडील बाजूस थोडा वेळ उभें राहिलें, म्हणजे प्रवासी मनुष्याच्या दोन जाती सहज नजरेस पडतात. एक जात थैल्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी आणि मुलांचे जादा कपडे यांच्या भारानें वांकलेली. दुसरी खिशांत हात घालून मोकळी चालणारी. दोघांनाही जावयाचें असतें एकाच ठिकाणीं, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांतून कान्हेरीच्या लेण्यांकडे. पहिला दुसऱ्याकडे किंचित् हेव्यानें पाहतो आणि दुसरा पहिल्याकडे किंचित् कींव करून. परंतु दुपारीं लेण्यांच्या पायऱ्यांवर हीच मंडळी पुन्हां भेटली, तर तो मोकळा गृहस्थ त्या भारावलेल्या कुटुंबाच्या सतरंजीच्या कडेवर बसून त्यांच्याच डब्यांतलें थालीपीठ खात असलेला आढळण्याचा संभव पुष्कळ असतो. प्रस्तुत लेखकानें हा अनुभव घेतला आहे. आणि तो खाणाऱ्याच्या बाजूनें घेतला आहे, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

थोडक्या सामानानिशीं प्रवास करावा, बेत अगोदर नीट आंखावा, लागेल तेवढेंच घ्यावें, हा उपदेश हल्लीं सर्वत्र ऐकूं येतो. उपदेश चांगला आहे, याविषयीं वाद नाहीं. ट्रंका, वळकट्या आणि फिरकीचे तांबे यांच्या पहाऱ्यांतच ज्यांचे लहानपणचे प्रवास गेले, त्यांना तर तो विशेषच पटेल. तथापि हा उपदेश करणारे एक प्रश्न सहसा विचारीत नाहींत. जें ओझें आपण घरीं ठेवून निघालों, त्याचें पुढें होतें काय? वाटेंत भूक लागावयाची ती लागतेच, तहान लागते, रात्र झाली कीं आसरा हवाच असतो. मनुष्य हलका झाला म्हणून त्याच्या गरजा हलक्या होत नाहींत. तेव्हां तें ओझें नाहीसें झालेलें नसतें. तें आपल्या खांद्यावरून उतरून दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर गेलेलें असतें. हा दुसरा कोण, आणि त्यानें तें आपखुषीनें उचललें कीं त्याच्यावर तें लादलें गेलें, यावरच हलक्या प्रवाशाची खरी योग्यता ठरते. आपल्या इतिहासांत याचे दाखले जागोजाग आहेत. आणि पहिला दाखला दूर कोठें नसून ज्या कान्हेरीस आपण सुटीसाठीं जातों, तेथेंच आहे.

कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागें येथें कोरीव काम सुरू झालें आणि पुढें कित्येक शतकें भिक्षूंची वस्ती राहिली. या भिक्षूंचें सामान किती असे? तीन चीवरें, एक भिक्षापात्र, एक वस्तरा, एक सुई, एक कमरबंध आणि पाणी गाळावयाचें एक फडकें, एवढ्या आठ वस्तू. पाण्यांतील सूक्ष्म जीवांस इजा होऊं नये म्हणून गाळणें आवश्यक, म्हणून फडक्याची गणना गरजेंत. थोडक्या सामानाचा पुरस्कार करणाऱ्या आजच्या कोणत्याही गृहस्थाला हेवा वाटावा अशी ही यादी आहे.

परंतु यादी वाचून झाल्यावर डोळे उघडे ठेवून लेण्यांतून हिंडावें. निजावयास दगडी ओटे खडकांतच खोदलेले आहेत. म्हणून भिक्षूला वळकटी लागत नसे. लेण्यालेण्यापाशीं पावसाचें पाणी सांठविणारीं टांकीं आहेत, शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलें आहे; म्हणून घागर लागत नसे. आणि भिंतींवर जे लेख आहेत, त्यांत कल्याण, शूर्पारक, चेऊल अशा गांवच्या व्यापाऱ्यांचीं व गृहस्थांचीं नांवें आहेत. कोणीं लेणें कोरविलें, कोणीं पोढी खोदविली, कोणीं अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिच्या मुद्दलाला हात लावावयाचा नाहीं आणि केवळ व्याजांतून खर्च चालवावयाचा, अशी ठेव. या व्याजांतून पावसाळ्यांत येथें राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांची सोय होई. आज बोरिवलीच्या पूर्वेस ज्याला मागाठाणें म्हणतात, त्या गांवचें नांवही या लेखांत दानाच्या संबंधानें आलेलें आहे. सारांश, भिक्षूच्या आठ वस्तूंच्या मागें खडकाएवढी थोरली तरतूद उभी होती. त्याचें ओझें शेतकऱ्यानें आणि व्यापाऱ्यानें उचललें होतें. मात्र तें त्यांनीं आपण होऊन उचललें होतें, आणि ज्यानें उचललें त्याचें नांव दगडावर कोरून ठेवण्याइतकी कृतज्ञता त्या काळीं होती. कान्हेरीचा हा करार दोन्ही पक्षांना शोभण्यासारखा आहे.

आतां ज्यांचें ओझें घेण्यास कोणी आपण होऊन पुढें येत नसे, अशा प्रवाशांकडे, म्हणजे सैन्यांकडे, वळूं. रोमन लोक सैन्याच्या सामानाला 'इम्पेदिमेंता' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ अडथळे असा आहे. मारियस नामक त्यांच्या सेनापतीनें सामानाच्या गाड्या कमी केल्या. पण तें सामान नाहीसें झालें नाहीं, शिपायांच्या पाठीवर आलें, आणि लोक त्या शिपायांना मारियसचीं खेंचरें म्हणूं लागले. आपल्याकडे लष्कराच्या जड सामानाला व त्यामागून चालणाऱ्या बिनलढाऊ गर्दीला बुणगे म्हणत. बाजारबुणगे ही शिवी आज आपण वापरतों, ती त्या तळावरूनच घरांत आलेली आहे.

बुणग्यांचा कळस पाहावयाचा तर औरंगजेबाच्या छावणींत पाहावा. बादशहा १६८१ सालीं दक्षिणेंत उतरला तो १७०७ सालीं येथेंच वारला. मधलीं पंचवीस वर्षें त्याची राजधानी तंबूंतून फिरत होती. १६९५ सालीं जेमेल्ली करेरी नांवाच्या इटालियन प्रवाशानें गलगल्याच्या मुक्कामीं ही छावणी पाहिली आणि तिचा घेर तीस मैलांचा असल्याचें लिहिलें. हाच प्रवासी त्याच सालीं वसईच्या बाजूनें येऊन कान्हेरीचीं लेणींही पाहून गेला होता. आठ वस्तूंत राहणाऱ्यांच्या रिकाम्या खोल्या आणि तीस मैलांचें चालतें शहर, दोन्ही एकाच मनुष्यानें थोड्याच दिवसांच्या अंतरानें पाहिलीं, हा योग विलक्षण खरा!

या चालत्या शहराशीं मराठ्यांनीं जो सामना दिला, त्याचा पाया हलकेपणावर होता, हें शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु हा हलकेपणा निव्वळ दारिद्र्याचा नव्हता, शिस्तीचा होता. शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचें वर्णन करतांना सभासद सांगतो, कीं स्वारींत बायका, बटकी, कलावंतिणी कोणीं बरोबर नेऊं नयेत, आणि हा नियम मोडणाऱ्यास जबर शिक्षा असे. दसऱ्यास लष्कर बाहेर पडे व पावसाच्या तोंडावर छावणीस परत येई. निघतांना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई. जास्त भरलें तें सरकारांत जमा व्हावयाचें. प्रवासाला निघतांना यादी करण्याची संवय आपण आधुनिक समजतों. ती निदान सवातीनशें वर्षांची जुनी आहे, आणि तिचा हेतु कांहीं विसरूं नये एवढाच नव्हता, तर परततांना नको तें बरोबर येऊं नये, हाही होता.

या परंपरेचा परमोत्कर्ष पहिल्या बाजीरावाच्या पालखेडच्या मोहिमेंत झाला. १७२७ च्या अखेरीस बाजीराव निजामाच्या मुलखांत शिरला. जालना, वऱ्हाड, खानदेश असे वळसे घेत गुजराथेपर्यंत गेला, आणि निजाम पुण्याकडे गुंतला असतां एकाएकीं औरंगाबादेच्या रोखानें परतला. राजधानीच्या काळजीनें निजामाला धांवत यावें लागलें. या धांवपळींत त्याचा जड तोफखाना मागें राहिला. १७२८ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडजवळ तो अशा जागीं कोंडला गेला, कीं तेथें ना पाणी ना दाणा. मार्चच्या आरंभीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. दोघेही शेवटीं हलके झाले होते. पण बाजीराव आपल्या बेतानें हलका झाला होता व निजाम दुसऱ्याच्या बेतानें, आणि त्या फरकानें निकाल लागला. इंग्रज सेनापति माँटगोमेरी यानें १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या युद्धेतिहासांत या मोहिमेचा मुद्दाम गौरव केला आहे.

याच बाजीरावाविषयीं एक आख्यायिका पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. बाजीराव स्वारींत असेल तसें त्याचें चित्र काढून आण, असें निजामानें आपल्या चिताऱ्यास सांगितलें. चिताऱ्यानें आणलेल्या चित्रांत तंबू नव्हता, ताट नव्हतें, नोकर नव्हते. घोड्याचा लगाम त्याच्या मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर, आणि स्वार जोंधळ्याचें कणीस हातावर चोळून दाणे खात चाललेला. हें चित्र पाहून आपली छाती अभिमानानें फुगते, आणि तें योग्यच आहे. पण एकदां तरी त्या कणसाकडे निरखून पाहावें. तें कणीस कोणाच्या शेतांतलें होतें?

हा प्रश्न आजच्या काळचा मागें नेऊन लावलेला नव्हे. तो शिवाजी महाराजांनीं बाजीरावाच्या पूर्वीं अर्धशतक स्वतः विचारला होता. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या तळावरील लष्करास पाठविलेलें त्यांचें पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठीं दाणावैरणीचा जो सांठा केला आहे, तो आतांच हवा तसा उधळाल, तर पावसांत घोडीं उपाशीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरीं शिराल, कोणी त्यांचे दाणे आणाल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी, आणि मग जे गरीब कुणबी जीव धरून राहिले आहेत, ते उठून जातील व त्यांना मोगल आला तो बरा असें वाटेल. या पत्रांत प्रवासाचा बेत आंखण्याचें सारें शास्त्र आलें आहे. सांठा किती, दिवस किती, रोजचा खर्च किती, याचा हिशेब महाराज शिपायांस करावयास लावतात. पण तो शिपायाच्या सोईसाठीं नव्हे. शिपायाच्या बेतांतली चूक कुणब्याच्या घरांत जाऊन भरली जाते, म्हणून! पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयीं जो नियम घातला, त्यांतही हेंच तत्त्व आहे. रयतेचीं आंबे-फणसाचीं झाडें तोडूं नयेत. एखादें झाड जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावें.

शिवकालीं हें तत्त्व सांभाळण्याचा यत्न झाला. पुढें राज्य पसरलें, स्वाऱ्या लांबल्या, आणि तें सुटत गेलें. ज्या प्रांतांतून आपलीं हलकीं घोडदळें गेलीं, तेथील शेतकऱ्यांच्या आठवणी आपल्या पोवाड्यांसारख्या नाहींत. बंगालमध्यें मराठ्यांना 'बर्गी' म्हणत, आणि १७४१ नंतरच्या दहा वर्षांतील त्या स्वाऱ्यांची भीति तेथें लेंकरांना निजवितांना म्हणावयाच्या गाण्यांत उतरली. ज्यानें कणसाचा धनी विचारला नाहीं, त्याचें नांव दगडावर कोरलें जात नाहीं, तें अंगाईंत जातें. हें लिहितांना मराठी मनाला वाईट वाटतें. पण इतिहास वाचावयाचा तर दोन्ही तीरांवरून वाचला पाहिजे.

याच्या उलट टोंक पानिपतचें. सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चांत उत्तरेकडे निघाले, तेव्हां लष्कराबरोबर बायकामुलें, भिक्षुक, यात्रेकरू यांचा मोठा जमाव होता. सामान व कुटुंबें मागें एखाद्या बळकट ठिकाणीं ठेवून सडे लढावें, असा सल्ला मल्हारराव होळकरांनीं व सूरजमल जाटानें दिल्याचें त्या काळचे लेखक सांगतात. तो मानला गेला नाहीं. ऑक्टोबरांत कुंजपुरा घेतल्यावर सैन्य कुरुक्षेत्राच्या वाटेस लागलें, इतक्यांत अब्दालीनें बागपतजवळ यमुना उतरून दक्षिणेचा रस्ता रोंखला. पुढें पानिपतास खंदकांच्या आंत उपासमार झाली आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं जें व्हावयाचें तें झालें.

भाऊंना दोष देणें सोपें आहे. परंतु ते यात्रेकरू लष्कराच्या पाठीस कां लागले होते, हें कोणी विचारीत नाहीं. वाटेंत चोर, ठग, जकातदार. पाण्याची खात्री नाहीं, मुक्कामाची नाहीं. एकट्यादुकट्यानें काशी-प्रयागाचें नांव काढूं नये, अशी स्थिति. म्हणून तलवारींच्या सांवलींत तीर्थयात्रा उरकावी, असा हिशेब. तरुण नाना फडणीस आपल्या आईला व पत्नीला घेऊन याच आशेनें निघाला होता. तो वांचला, त्याची आई परत आली नाहीं. यावरून दिसेल, कीं माणसाच्या पाठीवरचें ओझें हें बहुधा त्याच्या हौसेचें माप नसतें, तें त्याच्या भीतीचें माप असतें. वाटेवर विश्वास नसला म्हणजे माणूस सगळें घर बरोबर घेऊन निघतो.

मग यावर उपाय काय? सल्ला देऊन भागत नाहीं, हें मल्हाररावांच्या अनुभवावरून दिसलेंच. खरा उपाय त्यांच्या सुनेनें केला. अहल्याबाई होळकर १७६७ सालीं कारभारावर आल्या आणि १७९५ पर्यंत त्यांनीं राज्य केलें. काशी, गया, द्वारका, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्रीं त्यांनीं देवळें, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. आपण त्यांना धर्मपरायण म्हणून वंदन करितों. पण प्रवासाच्या इतिहासांतही त्यांचें स्थान फार मोठें आहे. जेथें विहीर झाली, तेथें यात्रेकरूच्या खांद्यावरची पखाल उतरली. जेथें धर्मशाळा झाली, तेथें राहुटी उतरली. त्यांनीं यात्रेकरूला हलकें होण्याचा उपदेश केला नाहीं, त्याची वाट भरून ठेवली. कान्हेरीच्या पोढ्या खोदविणाऱ्या व्यापाऱ्यांचेंच काम सतराशें वर्षांनीं त्यांनीं मोठ्या प्रमाणावर केलें.

यानंतर वाट भरून ठेवण्याचें काम आगगाडीनें केलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा एकवीस मैलांचा पल्ला सुमारें चारशें उतारूंनीं गाडीनें ओलांडला. आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूनें तेव्हां शेतें व खाजणें होतीं. १८६७ सालीं विरारकडून मुंबईस गाडी सुरू झाली, आणि १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. पूर्वीं अंधेरीहून कोटांत जाणें म्हणजे शिदोरी बांधण्याचा प्रसंग. आतां तो रोजचा परिपाठ झाला. गाडीची वेळ ठरलेली, परतीची ठरलेली. म्हणून चाकरमान्याच्या हातांत पिशवीपलीकडे कांहीं राहिलें नाहीं. जगांत इतक्या थोडक्या सामानानें इतका लांबचा प्रवास रोज करणारा वर्ग विरळाच.

पण त्याच्या दुपारच्या भुकेचें काय? १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं मुंबईंत डबे पोंचविण्याचा धंदा सुरू केल्याचें सांगतात. पुढें मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या, बहुतेक वारकरी असलेल्या मंडळींनीं तो वाढविला. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील घरांतून चाकरमानी निघून गेल्यावर मागाहून त्याचा डबा निघतो. गाडीच्या मालडब्यांतून, लांबट लांकडी पाटींत, साठ किलोंच्या आसपासचें ओझें होऊन एका माणसाच्या डोक्यावर चढतो. आपण ज्याला हलका प्रवास म्हणतों, त्याचें वजन पाहावयाचें असेल, तर तें येथें पाहावें. हा व्यवहार राजीखुषीचा आणि मोबदल्याचा आहे, म्हणून तो कणसापेक्षां पोढीच्या जातीचा आहे, यांत संशय नाहीं. परंतु २०२० च्या मार्चांत साथीमुळें गाड्या बंद पडल्या, चाकरमानी घरीं बसला, त्या दिवशीं त्याचा डबा वाहणारा बेकार झाला. पुष्कळांनीं गांवची वाट धरली. तेव्हां किती घरांनीं आपल्या डबेवाल्याचें नांव आठवून त्याची चौकशी केली, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्याशींच विचारावा. कान्हेरीच्या दगडावर ओझें उचलणाऱ्यांचीं नांवें आहेत. आपल्याला तीं पाठ असावींत एवढीही अपेक्षा फार नाहीं.

तेव्हां प्रवासाचा बेत करतांना काय घ्यावें आणि काय ठेवावें, एवढाच विचार पुरेसा नाहीं. जें ठेवलें तें वाटेंत कोण पुरविणार, त्याला आधीं विचारलें आहे काय, आणि त्याचें देणें चुकतें होणार आहे काय, हेंही त्याच यादींत खालीं लिहून काढावें. ज्या नातलगाकडे आपण रिकाम्या हातानें जाऊन उतरतों, त्याच्या घरांतल्या गृहिणीची त्या दिवशींची सुटी गेलेली असते. ही यादी लिहिल्यावर कदाचित् एखादी पिशवी वाढेल. वाढली तर वाढूं द्यावी.

कान्हेरीहून त्या दिवशीं परत उतरतांना वाटेंत एक वृद्ध बाई पोत्यांत रिकाम्या बाटल्या गोळा करीत असलेली दिसली. पोतें तिच्या कमरेपर्यंत भरलें होतें. बाटली रिकामी झाली, हात मोकळा झाला, म्हणून ती वाटेवर टाकून आमच्यासारखेच कोणी हलके होऊन पुढें गेले होते. दोन हजार वर्षांपूर्वीं याच वाटेनें जाणारा भिक्षु पाण्यांतल्या जीवाला धक्का लागूं नये म्हणून एक फडकें अधिक बाळगीत असे. त्याच्या आठ वस्तूंपैकीं निदान ही एक तरी आपल्या पिशवींत असावी, असें तेव्हांपासून वाटूं लागलें आहे.